चार फेऱ्या, ९९ सेकंद आणि ५१२ बाइट



आजचा विषय ऐकून काही जण हसतील. फौजेतून निवृत्त झालेला माणूस लढाया आणि सेनापती सोडून मुलांच्या हातातल्या गाड्यांच्या शर्यतीवर काय बोलणार? पण थोडं थांबा. हातात मावणारी पहिली संपूर्ण इलेक्ट्रॉनिक शर्यत १९७६ साली अमेरिकेत विकायला आली. तिचं मूळ शोधत मागे गेलं की आपण अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रापर्यंत पोहोचतो, आणि पुढे आलं की प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न भेटतो, जो कुठल्याही मोहिमेत भेटतो : हाताशी जेवढं आहे, तेवढ्यात काम कसं भागवायचं?

या खेळाचं नाव ‘ऑटो रेस’. तो काढला मॅटेल कंपनीने, म्हणजे बार्बी बाहुली आणि ‘हॉट व्हील्स’च्या छोट्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीने. आज आपण या खेळाची आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांची गोष्ट पाहणार आहोत.

नाण्यावर चालणारी शर्यत

आधी ‘आर्केड’ या शब्दाकडे पाहू. आर्केड म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांची दुकानं. माणसाने नाणं टाकावं, दोन-तीन मिनिटं रमावं, हरावं आणि पुन्हा नाणं टाकावं, असा त्यांचा व्यवहार. त्यामुळे तिथल्या शर्यतीत खऱ्या ड्रायव्हिंगच्या बारकाव्यांना फारशी जागा नव्हती. टायर किती झिजले, पेट्रोल किती उरलं, याचा विचार कोण करतो? वेग, समोरून येणारी गाडी आणि घड्याळ, एवढ्या तीन गोष्टी पुरेशा होत्या. गाड्यांच्या खेळांना आजही ‘आर्केड पद्धतीचा’ म्हणतात ते याच अर्थाने.

१९७४ साली अमेरिकेत अटारी कंपनीने ‘ग्रॅन ट्रॅक १०’ हे यंत्र आणलं. त्याला स्टिअरिंग होतं, गिअर होता, पायाशी पेडल होती. त्याच वर्षी जपानमध्ये टाइटो कंपनीने ‘स्पीड रेस’ आणला. तो बनवणाऱ्याचं नाव तोमोहिरो निशिकाडो. चार वर्षांनी याच माणसाने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा जगप्रसिद्ध खेळ बनवला. ‘स्पीड रेस’मधली युक्ती साधी होती. तुमची गाडी पडद्याच्या खालच्या भागात, आणि बाकीच्या गाड्या वरून खाली येतात. स्टेशनात शेजारची गाडी हलली की आपलीच गाडी निघाली असं वाटतं, तसंच हे. वेग तुमच्या गाडीत नसतो. आजूबाजूच्या गोष्टी सरकतात आणि मन त्याला वेग म्हणतं.

ही यंत्रं माणसापेक्षा मोठी, भारी आणि महाग होती. भिंतीतल्या विजेशिवाय ती चालत नसत. ती खिशात कशी आणायची, याचं उत्तर खेळणी बनवणाऱ्यांकडे नव्हतं. ते हिशेबाच्या यंत्राकडून आलं.

क्षेपणास्त्रापासून कॅल्क्युलेटरपर्यंत

१९६०च्या दशकात अमेरिकेने ‘मिनटमन’ ही आंतरखंडीय क्षेपणास्त्रं तैनात केली. त्यांच्या मार्गदर्शनाची यंत्रणा ‘ऑटोनेटिक्स’ या विभागाकडे होती. हा विभाग ज्या कंपनीचा, ती पुढे रॉकवेल म्हणून ओळखली जाऊ लागली. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाचा अंतराळवीरांचा कक्षही याच घराण्याने बांधला. क्षेपणास्त्रात जागा कमी, वजनाला मर्यादा आणि बिघाडाला माफी नाही. त्यामुळे लहान, हलके आणि भरवशाचे इलेक्ट्रॉनिक भाग बनवणं भागच होतं. त्यासाठी पैसा संरक्षण खात्याने पुरवला.

पुढे हीच विद्या बाजारात आली. जपानच्या शार्प कंपनीने रॉकवेलशी करार केला आणि १९६९ साली त्यांच्या चिप वापरून टेबलावरचा एक लहान कॅल्क्युलेटर काढला. नंतर कॅल्क्युलेटरच्या धंद्यात अशी चुरस लागली, की शेकडो डॉलरांचं यंत्र काही वर्षांत वीस डॉलरच्या आसपास आलं. चिप बनवणाऱ्यांचा नफा आटला. त्यांच्याकडे विद्या होती, कारखाने होते, पण चिपला नवं गिऱ्हाईक हवं होतं.

ते गिऱ्हाईक खेळण्यांच्या कंपनीतून आलं. मॅटेलमध्ये जॉर्ज क्लोज नावाचा अभियंता होता. कॅल्क्युलेटरचे आकडे लाल एलईडी दिव्यांच्या छोट्या रेघांनी बनतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आठ हा आकडा म्हणजे अशा सात रेघा. क्लोजने त्या रेघांकडे आकडे म्हणून पाहिलंच नाही. एकेक रेघ म्हणजे एकेक गाडी मानली तर? रेघा तीन रांगांत लावल्या, एक विझवून पुढची पेटवत गेलं, की गाडी रस्त्यावरून धावते! ही कल्पना घेऊन मॅटेल रॉकवेलकडे गेली. तिथे हे काम मार्क लेसर या तरुण अभियंत्याकडे आलं.

५१२ बाइटांत रस्ता

आता ‘ऑटो रेस’ कसा होता ते सांगतो. तळहातावर मावणारी प्लास्टिकची डबी. मधे एक चिंचोळी खिडकी, तिच्यात तीन लेनचा रस्ता. तुमची गाडी म्हणजे एक ठळक लाल रेघ. ती खालून निघते आणि हळूहळू वर सरकते. वरून दुसऱ्या रेघा, म्हणजे बाकीच्या गाड्या, अंगावर येतात. लेन बदलायला एक सरकतं बटण, गिअर टाकायला दुसरं. गिअर चार. गिअर वाढवला की सगळंच अंगावर वेगाने येतं. धडक बसली तर तुमची रेघ मागे ढकलली जाते, लेन बदलून सुटका होईपर्यंत. वरच्या टोकाला पोहोचलात की एक फेरी पूर्ण. अशा चार फेऱ्या ९९ सेकंदांच्या आत करायच्या. आत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. डबीत चाक नाही, स्प्रिंग नाही, मोटर नाही. बटणं सोडली तर हलणारा एकही भाग नाही. हातातल्या खेळण्यात हे प्रथमच घडत होतं.

या सगळ्यासाठी लेसरला प्रोग्रॅम लिहायला मिळालेली जागा होती ५१२ बाइट. ५१२ किलोबाइट नव्हे, ५१२ बाइट. हे किती कमी, याचा अंदाज आपल्या लिपीतच घेऊ. तुम्ही मोबाइलवर मराठीत निरोप लिहिता, तेव्हा देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सहसा ३ बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी चिन्हं. म्हणजे ५१२ बाइटांत जेमतेम १७० चिन्हं, दोन-तीन वाक्यं. पोहोचल्याचा निरोप आणि घरच्यांची चौकशी, एवढ्यात जागा संपली. तेवढ्या जागेत या माणसाने रस्ता, रहदारी, गिअर, धडक, फेऱ्या, घड्याळ आणि आवाज बसवला.

कसा बसवला? पहिली गोष्ट दिव्यांची. कॅल्क्युलेटरमध्ये सगळे दिवे एकाच वेळी पेटलेले नसतात. ते आळीपाळीने पेटतात, पण इतक्या भराभर, की डोळ्याला सगळे एकदमच पेटलेले वाटतात. त्यामुळे चिपमधून थोड्या तारा निघाल्या तरी पुष्कळ दिवे सांभाळता येतात. लेसरला ही सोय आयती मिळाली.

दुसरी गोष्ट आवाजाची. कॅल्क्युलेटर मुका असतो. त्याच्या चिपमध्ये आवाजाची तरतूद नव्हती. ती करून घ्यावी लागली, आणि तीही अगदी साधी. छोटा स्पीकर भराभर चालू-बंद करायचा. दोन वेळांमधलं अंतर कमी केलं की स्वर चढतो, वाढवलं की उतरतो. संगीताची वेगळी चिप नाही, सगळं काम प्रोग्रॅमच्या मोजलेल्या थांब्यांवर.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. लेसरने काय घातलं यापेक्षा काय वगळलं, ते पाहा. वळणं नाहीत, झाडं नाहीत, प्रेक्षक नाहीत, गाडीला आकारसुद्धा नाही. ठेवलं फक्त तेच, ज्याने खेळणाऱ्याच्या छातीत धडधड होते : समोरून येणारा धोका, तो टाळायला मिळणारा अर्धा क्षण आणि संपत चाललेली वेळ. नाण्याच्या मोठ्या यंत्रातून स्टिअरिंग, पेडल आणि पडदा काढून टाकला, तरी शर्यत शिल्लक राहते. हे एका नऊ व्होल्टच्या बॅटरीवर सिद्ध झालं.

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, याच पद्धतीने मॅटेलने अमेरिकन फुटबॉलचा खेळ काढला. त्याचा प्रोग्रॅमही लेसरचाच. तो तुफान चालला आणि ‘ऑटो रेस’ त्याच्या सावलीत गेला. पण वाट शर्यतीने पाडली होती.

बॅटरी हीच रसद

पुढचा टप्पा जपानमध्ये. निन्टेन्डो कंपनीत गुनपेइ योकोइ नावाचे अभियंते होते. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यांनी पाहिला आणि त्यातून त्यांना खिशातल्या खेळाची कल्पना सुचली, असं ते सांगत. १९८० साली ‘गेम अँड वॉच’ ही मालिका सुरू झाली. तिचे एलसीडी पडदे शार्प कंपनीचे. म्हणजे पुन्हा कॅल्क्युलेटरच, आणि रॉकवेलकडून चिप घेणारी तीच शार्प. या मालिकेची सुमारे ४ कोटी ३४ लाख यंत्रं विकली गेली.

योकोइंचं एक तत्त्व प्रसिद्ध आहे. सगळ्यांत नवं तंत्रज्ञान घेऊ नका. जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, ज्याचे गुणदोष पूर्ण माहीत आहेत असं तंत्रज्ञान घ्या आणि त्याचा वेगळाच उपयोग शोधा. फौजी माणसाला हे लगेच पटतं. प्रदर्शनात उत्तम चालणारं यंत्र आणि पावसात, चिखलात, थकलेल्या हातात चालणारं यंत्र यांत फरक असतो.

याच तत्त्वावर १९८९ साली ‘गेम बॉय’ आला. पडद्यावर रंग नाहीत, फक्त हिरवट रंगाच्या चार छटा. पडद्यामागे दिवाही नाही. त्याच वर्षी अटारीने ‘लिंक्स’ आणला : रंगीत, उजेड असलेला पडदा, आणि चित्र लहान-मोठं करणारी खास यंत्रणा. दुरून येणारी गाडी जवळ येता येता मोठी होताना दाखवायची असेल, तर यापेक्षा चांगलं काय? पुढच्या वर्षी सेगाचा ‘गेम गिअर’ आला, तोही रंगीत. कागदावर गेम बॉय दोघांपुढे हरलेला होता.

पण आता रसद पाहा. लिंक्सला ६ पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम गिअरचंही तेच. गेम बॉयला ४ सेल, आणि ते पंधरा तास सहज पुरत. शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशातून दर दोन दिवसांनी सहा सेल येणार कुठून? माझ्या नोकरीच्या काळात गस्तीवर निघताना रेडिओ सेटपेक्षा त्याच्या राखीव बॅटऱ्यांची चर्चा जास्त व्हायची. सेट कितीही चांगला असो, बॅटरी संपली की तो नुसतं ओझं. घराघरांतल्या मुलांनी हाच हिशेब केला. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त यंत्रं विकली गेली. गेम गिअर एक कोटीच्या आसपास राहिला.

या चार छटांच्या पडद्यावर १९९० साली जपानमध्ये ‘एफ-१ रेस’ आला. त्याच्यासोबत चार यंत्रं तारांनी जोडायचं उपकरण मिळत असे. चार मित्र, चार पडदे, एकच शर्यत. लहान यंत्राची ही खास ताकद होती. एकाच टीव्हीवर चौघं खेळले, तर पडद्याचे चार तुकडे होतात. इथे प्रत्येकाला आपापला रस्ता पूर्ण दिसत होता.

सरळ चित्र, वळणारा रस्ता

इतक्या दुबळ्या यंत्रावर वळणारा रस्ता कसा दाखवतात? पडद्यावरचं चित्र वरून खाली, एकेक ओळ करून उमटतं. दोन ओळींच्या मधल्या सूक्ष्म क्षणात प्रोग्रॅमने पुढची ओळ किंचित डावीकडे सरकवली, त्याच्या पुढची आणखी थोडी, तर सरळ काढलेला रस्ता डावीकडे वळलेला दिसतो. पत्त्यांचा जुडगा टेबलावर तिरका सरकवून पाहा, म्हणजे कळेल. चित्र तेच, नुसत्या ओळी सरकल्या.

२००१ साली ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ आला. त्याला २ पेन्सिल सेल पुरत आणि ते पंधरा तासांच्या आसपास चालत. हे यंत्र सपाट चित्र फिरवू शकत असे, लहान-मोठं करू शकत असे. मग प्रत्येक ओळीला वेगळं माप द्यायचं : वरच्या ओळी बारीक, खालच्या मोठ्या. जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीसारखा नकाशा दूरवर पसरलेला दिसतो, आणि त्यावरून गाडी धावते. ही युक्ती निन्टेन्डोच्या टीव्हीवरच्या यंत्रात १९९० पासून होती. आता ती खिशात आली. ‘मारिओ कार्ट : सुपर सर्किट’ हा त्या वर्षीचा खेळ याच युक्तीवर उभा आहे. त्यात २० नवे रस्ते होते, आणि १९९२ च्या पहिल्या ‘मारिओ कार्ट’चे सगळे २० रस्तेही बक्षीस म्हणून उघडत. या यंत्राच्या पडद्याला सुरुवातीला दिवा नव्हता, म्हणून अनेक खेळांचे रंग मुद्दाम फिकट आणि उजळ ठेवावे लागले. पुन्हा तेच : उणीव आधी मान्य करायची, मग तिच्याभोवती बांधकाम.

डिसेंबर २००४ मध्ये सोनीचा ‘पीएसपी’ जपानमध्ये आला आणि पहिल्याच दिवशी त्याच्यासोबत ‘रिज रेसर’ होता. हा खेळ मुळात १९९३ चा, नामको कंपनीच्या आर्केड यंत्रावरचा. त्याची एक आवृत्ती तर अशी होती, की खेळणारा खऱ्याखुऱ्या माझदा गाडीत बसून समोरच्या भल्या मोठ्या पडद्यावर शर्यत करी. तो खेळ अकरा वर्षांत दोन हातांत मावला. इथे तरी ताकदीचा विजय झाला असं वाटेल. पण पीएसपीचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झने चालण्याइतका सक्षम असूनही सोनीने खेळांना त्याचा वेग सुरुवातीला २२२ पर्यंतच वापरू दिला. ही मर्यादा २००७ मध्ये उठली. कारण एकच, बॅटरी वाचवणं. म्हणजे ‘ऑटो रेस’नंतर अठ्ठावीस वर्षांनीही अंतिम शब्द रसदीचाच होता.

आपल्याकडची शर्यत

ही यंत्रं भारतात फार थोड्या घरांत पोहोचली. पण नव्वदच्या दशकात जत्रेत, फुटपाथवर, स्टेशनबाहेर एक चिनी यंत्र मिळायचं : ‘ब्रिक गेम’. वर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं, आत खरे खेळ मोजकेच. इंदूर असो, बडोदा असो, बेळगाव असो की हैदराबाद, त्या काळातल्या मुलांनी ते हाताळलेलं आहे. त्यातला गाड्यांचा खेळ आठवा. खाली चौकटींची बनलेली तुमची गाडी, वरून येणाऱ्या तशाच गाड्या, लेन बदलायची आणि वाचायचं, वेग वाढत जाणार. १९७६ च्या ‘ऑटो रेस’ची मांडणी जवळजवळ जशीच्या तशी! ज्यांना मॅटेलचं नावही माहीत नव्हतं, त्यांनी त्याच पद्धतीची शर्यत पेन्सिल सेलवर खेळली.

यातून काय घ्यायचं? आपल्याकडे, विशेषतः तरुण अभियंत्यांत, एक तक्रार नेहमी ऐकू येते : साधनं नाहीत, चांगला संगणक नाही, परदेशातल्यासारखी सोय नाही. तक्रार खोटी नाही. साधनं मागितलीच पाहिजेत. अपुऱ्या साधनांचं कौतुक करत बसणं हा नेतृत्वाचा पळपुटेपणा आहे, हे मी फौजी म्हणून ठामपणे सांगतो. लेसरनेही चिपमध्ये आवाजाची सोय करून घेतली, मुक्या चिपवर भागवलं नाही. पण साधनं येईपर्यंत काम थांबवायचं, की काम नेमकं कशाने होतं याचा शोध घ्यायचा, हा निर्णय आपला असतो. ५१२ बाइटांना ‘जुगाड’ म्हणू नका. जुगाडात वेळ मारून नेलेली असते. इथे प्रत्येक बाइटचा हिशेब आहे.

आणखी एक गोष्ट. असले प्रोग्रॅम कारखान्यातच चिपमध्ये कायमचे कोरले जात. आज जगभरचे काही हौशी लोक जुन्या चिपचं आवरण रसायनाने काढतात, आतले अतिसूक्ष्म ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून वाचतात आणि तो प्रोग्रॅम पुन्हा मिळवतात. आपण शिलालेख आणि ताम्रपट वाचतो, तसंच हे काम आहे. ते करायचं तर मूळ वस्तू शिल्लक असावी लागते.

म्हणून दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जुना ब्रिक गेम, लाल आकड्यांचा कॅल्क्युलेटर किंवा सेल गळून गंजलेला एखादा खेळ सापडला, तर तो भंगारवाल्याच्या तराजूत टाकू नका. आधी सेल काढा, कोरड्या फडक्याने पुसा, कागदावर साल आणि कुठे घेतला ते लिहून डबीत ठेवा. ते वाचणारा पुढे कुणीतरी निघेल.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.